सूर्याच्या पायातले बूट

उज्जैनला येणारा बहुतेक माणूस देवास गेटला उतरतो. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बसस्टँड. जुन्या शहरातून देवासकडे निघणाऱ्या रस्त्यावरच्या वेशीचे नाव आता एका गजबजलेल्या नाक्याला चिकटून राहिले आहे. इथून रिक्षा ठरवताना जी नावे घेतली जातात त्यांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम, आणि शनिवारी अमावास्या आली तर त्रिवेणीवरचा शनी. या यादीत सूर्य नाही. भारतीय ज्योतिषाने मध्यान्हरेषा ज्या गावावरून ओढली, सूर्याच्या मूर्तीचे नियम लिहून ठेवणारा वराहमिहिर ज्या अवंतीचा, त्या गावात सूर्याला यात्रेकरू नसावा याचे नवल वाटायला हवे. नेहमीचे उत्तर असे, की सौर पंथ परकीय आक्रमणांत बुडाला. मला ते उत्तर अपुरे वाटते. माझे म्हणणे असे, की या धर्माची पुराणकथा बाहेरून आलेले पुजारी आणि त्यांचा देव इथे रुजवण्यासाठी समजून-उमजून रचली गेली होती. ते काम तिने इतके चोख केले की पुढे वेगळ्या सूर्यधर्माची गरजच उरली नाही.

‘रचलेला धर्म’ म्हटल्यावर पहिला आक्षेप समोर उभा राहतो. गायत्री मंत्राची देवता सविता आहे, ऋग्वेदात सूर्य, मित्र, पूषन यांची सूक्ते आहेत, मग सूर्योपासना रचली गेली हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? सूर्योपासना रचलेली नाहीच. पण वैदिक सूर्याला देऊळ नाही, मूर्ती नाही आणि पगारी पुजारीही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भाजे लेण्यांत, इसवी सनापूर्वीच्या काळातल्या एका विहाराच्या दारापाशी, चार घोड्यांच्या रथात बसलेली जी आकृती आहे तिला बहुतेक अभ्यासक सूर्य मानतात. तो रथी इथल्या मातीतला आहे. अंगावर इथलेच दागिने, जवळ इथल्याच स्त्रिया. पुढे कुषाण काळात चित्र पालटते. कनिष्काच्या नाण्यांवर ‘मिइरो’ या नावाने इराणी मिथ्र उभा राहतो आणि मथुरेच्या सूर्यमूर्तींच्या अंगावर उत्तरेकडच्या घोडेस्वाराचा पोशाख चढतो: लांब अंगरखा, कमरपट्टा आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. भारतीय देवळातला जवळजवळ प्रत्येक देव अनवाणी उभा असताना हा बूट घालून गाभाऱ्यात आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत हा पोशाख कसलेही आश्चर्य न दाखवता नियम म्हणून नोंदवतो. सूर्याला उदीच्य, म्हणजे उत्तरेकडचा वेष द्यावा, पायांपासून छातीपर्यंत शरीर झाकलेले असावे, हातांत कमळे असावीत. कोणत्या देवाची प्रतिष्ठा कोणी करायची याची यादी देताना विष्णूसाठी भागवत, शंभूसाठी भस्म लावणारे द्विज, बुद्धासाठी शाक्य आणि सूर्यासाठी मग, असे तो सांगतो. हे मग कोण, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या काळी ते सर्वांना माहीत होते.

मग हे इराणी मूळ असलेले पुरोहित होते, याबद्दल आता फारसा वाद नाही. रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैष्णव-शैव पंथांवरच्या आपल्या ग्रंथात सौरांचा विचार करताना हा धागा नीट उलगडून दाखवला आहे. इतिहासाला इथे एक अडचण दिसते, आणि त्या काळच्या समाजाला ती अधिक तीव्रतेने जाणवली असणार. देव उत्तरेचा, पुजारी परमुलखाचे, त्यांच्या कमरेला परका पट्टा, तोंडावर अग्नीपुढे बांधायचे फडके, जेवताना मौन पाळण्याची वेगळीच रीत. असा पुरोहित हिंदू समाजात ब्राह्मण म्हणून कसा बसवायचा? या प्रश्नाचे उत्तर सांब पुराणात आहे. त्याचा जुना भाग साधारणपणे सहाव्या ते आठव्या शतकांतला मानतात, आणि पुढे त्यातले बरेच भविष्य पुराणाने घेतले.

कथा अशी. कृष्णाचा मुलगा सांब रूपाने देखणा आणि स्वभावाने उर्मट. नारदाने डाव टाकला, कृष्णाच्या मनात संशय पेरला, आणि बापाच्या शापाने सांबाला कुष्ठ झाले. नारदानेच मग सूर्याची आराधना सुचवली. सांब चंद्रभागेच्या, म्हणजे चिनाबच्या काठी गेला, तप केले, बरा झाला, आणि नदीत वाहत आलेली विश्वकर्म्याने घडवलेली सूर्यमूर्ती त्याला सापडली. देऊळ बांधले; पुजारी मिळेना. देवाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या देवलकाला श्राद्धाच्या पंक्तीत बसवू नये असे मनुस्मृतीच सांगते, तेव्हा स्थानिक ब्राह्मण नाही म्हणाले. उग्रसेनाचा पुरोहित गौरमुख याने शाकद्वीपातल्या मगांचे नाव काढले. सांब गरुडावर बसून तिथे गेला आणि अठरा कुळे घेऊन आला. या कथेकडे आजाऱ्याची भक्तिकथा म्हणून न पाहता एखाद्या वकिलाने केलेला युक्तिवाद म्हणून पाहिले, तर तिचा प्रत्येक सांधा एका आक्षेपासाठी बसवलेला दिसतो. मूर्ती परकी आहे? ती विश्वकर्म्याची आहे आणि आपल्याच नदीत मिळाली. पुजारी परके आहेत? शाकद्वीप महाभारतातल्या भूगोलात आधीपासूनच आहे आणि तिथल्या चार वर्णांत मग हे ब्राह्मणांच्या जागी आहेत. ब्राह्मण असताना त्यांना का आणले? ब्राह्मणांनीच नकार दिला म्हणून, तेही यादवांच्या राजपुरोहिताच्या सल्ल्याने. आणले कोणी? कृष्णाच्या मुलाने, विष्णूच्या वाहनावरून. यात कोणाचा अपमान नाही, कोणाचा हक्क हिरावलेला नाही. उलट देवलकपणाचे लांच्छन नको असलेल्या ब्राह्मणांची सोयच झाली आहे.

एवढ्यावर न थांबता पुराणकाराने मगांच्या वंशाचीही सोय लावली. मिहिर गोत्रातल्या एका ऋषीची मुलगी निक्षुभा, तिच्यावर सूर्य भाळला, त्यातून मुलगा झाला आणि त्याच्यापासून मगांचा वंश चालला. पोथ्यांत त्या मुलाचे नाव जरशब्द, जरशस्त असे वेगवेगळे येते आणि अनेक अभ्यासकांना त्यात जरथुष्ट्राचे नाव ऐकू येते. मला यातली कारागिरी विशेष वाटते. परक्या धर्माच्या संस्थापकाला पुसून टाकलेले नाही, त्याला सूर्याचा मुलगा करून घरात घेतले आहे. कमरेचा पट्टा म्हणजे अव्यंग. पारशी आज जी कुस्ती बांधतात तिचा हा भाऊबंद. पुराणात त्याचा संबंध वासुकी नागाच्या कातेशी जोडला गेला. एकदा नाग आला की त्या वस्तूकडे परकी म्हणून कोण बघणार?

आणि बूट. सर्वांत अवघड वस्तू हीच होती, कारण ती रोज, प्रत्येक मूर्तीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मराठी घरांत बुटांमागची कथा संज्ञा आणि छाया यांच्या नावाने माहीत असते. सूर्याचे तेज सहन होईना म्हणून विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा आपली छाया मागे ठेवून निघून गेली आणि घोडीच्या रूपात तप करू लागली. सासऱ्याने जावयाला चाकावर चढवून त्याचे तेज तासले. तासलेल्या चकत्यांतून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी आयुधे झाली. मत्स्य पुराण इथे एक गोष्ट जोडते: पायांकडे त्वष्ट्याला, म्हणजे या विश्वकर्म्याला, पाहवेना, ते तसेच राहिले, म्हणून सूर्याचे पाय कोणीही घडवू नयेत, घडवील त्याला कुष्ठ होईल. म्हणजे बूट हे पादत्राण राहिले नाही, न तासलेल्या तेजावरचे ते आच्छादन झाले. वराहमिहिर पाय झाकायला सांगतो पण कारण देत नाही. पुराण कारण देते. कारण पुरवण्याची गरज केव्हा पडते? ज्यांच्यासाठी तो पोशाख जन्माचाच होता ते नाहीसे झाल्यावर, किंवा जे तो पोशाख पाहून प्रश्न विचारतात ते पुष्कळ झाल्यावर. आणि जाता जाता हेही लक्षात येते, की सगळ्या मोठ्या देवांची शस्त्रे सूर्याच्या तासकामातून निघाली असे सांगणारा कथाकार किती हळूच आपल्या देवाला सर्वांच्या वर नेऊन ठेवतो.

यावर कोणी म्हणेल की कथेत ऐतिहासिक आठवण असू शकते. सांबाने नसतील आणले, पण कोणत्या तरी राजाने मग आणले असतील, आणि मग कथा रचलेली कशी? आठवण असेल. पण काळाचा क्रम पाहावा. माळव्यातच, मंदसोरला, म्हणजे जुन्या दशपुरात, रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने मालव संवत ४९३ मध्ये, इ. स. ४३६ साली, सूर्याचे देऊळ बांधले. हे विणकर लाट देशातून, दक्षिण गुजरातेतून, इथे आले होते. देवळाची पडझड झाल्यावर ४७३ मध्ये त्यांनीच जीर्णोद्धार केला आणि वत्सभट्टी नावाच्या कवीकडून शिलालेखाचे काव्य लिहून घेतले. त्या काव्यात सूर्याची स्तुती आहे, कुमारगुप्त आणि बंधुवर्मा या राजांचा गौरव आहे, विणकरांच्या कसबाचा अभिमान आहे. सांब मात्र नाही, शाकद्वीप नाही, गरुडही नाही. सुमारे सातशे वर्षांनंतर, शके १०५९ मध्ये, बिहारमधल्या गोविंदपूरचा लेख एका मग घराण्याची कुळकथा सांगतो तेव्हा सांबाने त्यांना आणल्याचे ठळकपणे येते. देऊळ आधी, कथा नंतर, आणि कथेचा सनदेसारखा वापर त्याहून नंतर. कथेला रचना म्हणण्याइतका पुरावा मला यात दिसतो. रचना म्हणजे लबाडी असे मात्र मी मानत नाही. कुळकथा रचूनच आपल्याकडे पुष्कळ जाती आणि पुष्कळ राजघराणी मानाने उभी राहिली. मगांनीही तेच केले, आणि बहुतेकांपेक्षा अधिक काव्य ओतून केले.

या साऱ्यात उज्जैनचा वाटा मूर्तीपेक्षा गणिताचा आहे. वराहमिहिर स्वतःला आदित्यदासाचा मुलगा, आवंतिक आणि कपित्थक इथे सूर्याचा वर मिळालेला म्हणवतो. हे कपित्थक म्हणजे उज्जैनच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवरचे कायथा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेच कायथा जिथे विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६५-६६ मध्ये उत्खनन करून ताम्रपाषाण युगातली एक नवी संस्कृती उजेडात आणली. वराहमिहिराच्या नावातला मिहिर आणि बापाचे नाव पाहून तो स्वतः मग घराण्यातला असावा, असा तर्क अनेकांनी केला आहे. तो तर्कच आहे, पण पटण्यासारखा. त्याने ग्रीक-रोमन वळणाचे पौलिश आणि रोमक सिद्धांत पंचसिद्धांतिकेत घेतले आणि सर्वांत अचूक म्हणून सौर सिद्धांताला मान दिला. आज आपल्याकडे असलेला सूर्यसिद्धांत हा नंतरचा ग्रंथ. त्याची सुरुवात पाहावी: मय नावाच्या असुराने तप केले आणि सूर्याच्या अंशाने प्रकट होऊन त्याला ज्योतिष शिकवले. काही पोथ्यांत तर सूर्य मयाला सांगतो की तू रोमक नगरीला जा, तिथे मी म्लेच्छरूपाने तुला हे ज्ञान देईन. बूट झाकणारी कथा आणि परके गणित स्वीकारणारी कथा यांची बांधणी एकच आहे. बाहेरून आलेली गोष्ट सूर्याच्या तोंडून वदवली की ती आपली होते. त्याच ग्रंथात लंका, अवंती आणि कुरुक्षेत्राकडचे रोहीतक यांच्यावरून जाणारी मध्यरेषा येते. उज्जैनच्या वाट्याला देवळापेक्षा मोठी गोष्ट आली, पण तिला घंटा नव्हती.

घंटा महाकालाच्या वाट्याला आली. शिवाने सूर्याला कसे आत घेतले याचा सर्वांत सुंदर पुरावा एका न मिटलेल्या वादात आहे. पुराणांत सूर्याची तीन स्थाने सांगितली आहेत: उगवतीचे मुंडीर, माध्यान्हीचे कालप्रिय आणि मावळतीचे मूलस्थान म्हणजे मुलतान. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत खेळली गेली. हा कालप्रियनाथ कोण? अनेक टीकाकारांनी तो उज्जैनचा महाकाल मानला. वा. वि. मिराशींनी मात्र हे देऊळ यमुनेकाठच्या काल्पीला होते आणि तो सूर्यच होता असे मांडले, कारण पुराण ते यमुनेच्या दक्षिणेला ठेवते, आणि राष्ट्रकूट इंद्र तिसरा कनौजवर चालून गेला तेव्हा त्याच्या हत्तींनी कालप्रियाच्या प्रांगणाला दातांनी उखणले असे गोविंद चौथ्याच्या ९३० सालच्या खंबायत ताम्रपटात येते. मिराशींचा पुरावा मला बळकट वाटतो. पण ते बरोबर असतील तर टीकाकारांची चूकच अधिक बोलकी ठरते. सूर्याच्या एका प्रख्यात क्षेत्राचे नाव ऐकल्यावर पुढच्या पिढ्यांतल्या पंडितांना सूर्य आठवलाच नाही, महाकाल आठवला. काळाचा स्वामी कोण, या प्रश्नाचे उत्तर तोवर बदलले होते.

आता आक्रमणांचा मुद्दा. मुलतानच्या सूर्यमूर्तीची हकीकत अल्-बिरूनीने दिली आहे: लाकडी मूर्ती, तांबड्या कातड्याने मढवलेली, डोळ्यांच्या जागी माणके. मुहम्मद बिन कासिमने आठव्या शतकात उत्पन्नाकडे पाहून ती राहू दिली आणि दहाव्या शतकात ती फोडली गेली. उज्जैनवर १२३४-३५ च्या सुमारास इल्तुतमिशची स्वारी झाली आणि महाकालाचे देऊळ पाडले गेले. हे सारे खरे. पण पाडलेले देऊळ पुन्हा बांधण्यासाठी कोणीतरी पाचशे वर्षे त्याची आठवण धरून बसावे लागते. महाकालाची तशी आठवण धरली गेली, म्हणून अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते देऊळ नव्याने उभे केले. सूर्यासाठी असा कोणी पुढे आला नाही. शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी कालियादेहला सूर्याचे जुने स्थान आणि कुंडे असल्याची महती स्कंद पुराणाच्या अवंतीखंडात गायली आहे. त्या जागी माळव्याच्या सुलतानांनी जलमहाल बांधला आणि मराठे आले तेव्हाही तो महालच राहिला. कारण सूर्याची जी कामे होती ती तोवर वाटली गेली होती. रोग बरा करणे इतर देवांकडे गेले. काळ मोजणे पंचांगाकडे गेले. मेष राशीतला सूर्य आणि सिंहेतला गुरू हा सिंहस्थाचा योग ठरवतो, पण स्नानाला आलेला भाविक सूर्याच्या देवळात जात नाही. ग्रह म्हणून तो नवांतला एक झाला, आणि गंमत अशी की त्याच संज्ञा-छायेच्या कथेतला छायेचा मुलगा शनी आज त्रिवेणीवर बापापेक्षा कितीतरी मोठी गर्दी खेचतो. भीती वाटणाऱ्या देवाला भक्त कमी पडत नाहीत. मगांचेही असेच झाले. शाकद्वीपी ब्राह्मण बिहारात आजही आहेत, राजस्थानात त्यांच्यातले भोजक जैन मंदिरांत सेवा करत आले. बिहारचा सर्वांत मोठा सूर्योत्सव, छठ, मात्र पुरोहित आणि मूर्ती या दोघांशिवाय होतो.

१९२० च्या दशकात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी कालियादेहचा महाल आणि तिथले सूर्यस्थान दुरुस्त करून घेतले, आणि १९२३ मध्ये सवाई जयसिंगाची उज्जैनमधली वेधशाळाही. तिची जबाबदारी गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आली. एकाच राजाने थोड्या वर्षांच्या अंतराने सूर्याचे घर आणि सूर्याचे यंत्र दोन्ही सावरली. यंत्र वापरात राहिले. तिथे सम्राट यंत्राची सावली दाखवते ती उज्जैनची स्थानिक वेळ, भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे. शंकूची सावली जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी नाहीशी होते, आणि दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघते. देऊळ ओसाड पडल्याचा शोक करणारे या चालू कामाला सौर परंपरेत मोजत नाहीत. वराहमिहिराने ते मोजले असते असे मानायला जागा आहे.

राहतो तो शेवटचा आक्षेप: कथा इतकी यशस्वी होती तर लोकांत तिचा मागमूस कुठे आहे? तो स्त्रियांच्या व्रतांत आहे. पुराणांत सूर्याच्या दोन बायका राज्ञी आणि निक्षुभा. गुजरातेत सूर्याची बायको रांदल म्हणून पुजली जाते, उज्जैनच्या दक्षिणेला निमाडात गणगौरीच्या गाण्यांत सूर्यरूप धणियर राजाची राणी रनुबाई आहे, खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा तिच्या जोडीने रानबाईचे नाव निघते, आणि महाराष्ट्रात श्रावणातल्या रविवारी आदित्य-राणूबाईची कहाणी सांगतात. केवळ नावांच्या सारखेपणावर इमारत उभारू नये, हे मान्य. पण यांतल्या बहुतेक ठिकाणी ती सूर्याचीच बायको आहे, कानबाई आणि राणूबाई दोघींचा वार रविवार आहे, आणि प्रदेशही एकमेकांना लागून आहेत. कहाणीतले व्रत मौनाने उठून करायचे, रक्तचंदनाने मंडल काढायचे, सहा सुतांच्या दोऱ्याला सहा गाठी मारायच्या. त्या मौनात मगांचे मौन किंवा त्या दोऱ्यात अव्यंग शोधायचा मोह मी आवरतो. तेवढा पुरावा नाही. स्पष्ट दिसते ते एवढेच, की इथे सांब नाही, शाकद्वीप नाही, पुजारी तर नाहीच. व्रत वनातल्या नागकन्या-देवकन्यांकडून गरीब ब्राह्मणाला कळते आणि त्याच्याकडून मुलींपर्यंत जाते. ज्या मुलीने कहाणी ऐकायला वेळ नाही म्हटले तिचे राज्य गेले. जिने ऐकून घेतली तिचे घर भरले.